तळ्याकाठची सायडर

आमचे साडू भाऊसाहेब कॅनडाहून परत आले, ही बातमी आम्हाला त्यांच्या फोनवरून कळली नाही. ती त्यांच्या फोटोंवरून कळली. एकूण दोनशे चौदा फोटो. ठाण्याला त्यांच्या घरी रविवारी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी ते भिंतीएवढ्या टीव्हीवर दाखवण्यात आले, आणि जेवण दोनशे चौदाव्या फोटोनंतर मिळेल असं भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्यातले नव्वद फोटो एका तळ्याचे. लेक-जावयानं त्यांना म्हणे एका दिवसाच्या सहलीला नेलं होतं. तळ्याकाठानं गाडी फिरते, आणि दर दोन मैलांवर कोणी घरची बिअर गाळतो, कोणी जिन काढतो, कोणी सफरचंदाची सायडर करतो. आपण उतरायचं, चार घोट घ्यायचे, जाणकारासारखी मान हलवायची आणि पुढे जायचं. प्रत्येक फोटोत भाऊसाहेबांच्या हातात ग्लास होता.

"क्राफ्ट म्हणतात याला, आत्मारामराव," भाऊसाहेब म्हणाले. "हस्तकला. आपल्याकडे लोक पितात, पण कला म्हणून पीत नाहीत. आणि तुमच्या विरारला तर काय, सगळा बिल्डिंगांचा सुकाळ. बघायला काय आहे तिथे?"

मी विरारच्या बोळिंज भागात राहतो. माझी इमारत सात मजली आहे आणि पाचव्या मजल्यावरून मला समोरची सात मजली इमारत दिसते. त्यामुळे भाऊसाहेबांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. पण खरं बोलण्याचा अधिकार साडूला असतो, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.

"आमच्याकडेही तळं आहे," मी म्हणालो.

वसुंधरेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण तोंडातून शब्द सुटला होता, आणि त्याच्यामागून दुसरा निघालाच. "निर्मळला. तळ्याभोवती अशी ठिकाणंही आहेत. ताडी आहे, घरची वाइन आहे, सायडरसुद्धा आहे. या की पुढच्या महिन्यात. एका दिवसात दाखवतो."

"तुम्ही जाता तिथे?" भाऊसाहेबांनी भुवई उंचावली.

"अधूनमधून," मी म्हणालो.

आता सत्य सांगायला हरकत नाही. मी आयुष्यात एकदाच बिअर प्यायलो आहे, तीही मित्राच्या लग्नात सरबत समजून. खोकल्याचं औषध घेतलं तरी मला दोन तास गाढ झोप लागते. पण बावीस वर्षांच्या साडूपणात मी भाऊसाहेबांचा फ्लॅट, त्यांची गाडी, त्यांच्या लेकीचे मार्क आणि त्यांच्या गुडघ्याचं परदेशी यंत्रावर झालेलं ऑपरेशन एवढं सगळं निमूटपणे ऐकून घेतलेलं होतं. माणसाचं एखादं तळं तरी असायला हवं की नको?

सगळ्यात आधी मी ऑफिसातल्या फ्रेडरिकला गाठला. फ्रेडरिक निर्मळचा. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि नाताळात माझ्या डब्यात केक ठेवतो. "काही काळजी नको," तो म्हणाला. "आमची सालोमी मावशी आहे तळ्यामागे. तिच्यासारखी जांभळाची वाइन अख्ख्या वसईत कोणी करत नाही. विकत नाही हां ती. पाहुण्याला पाजते. मी येईन बरोबर." ताडीसाठी त्यानं खाडीकाठच्या नथूचं नाव दिलं. सायडरचा बोर्ड मी स्वतः त्याच रस्त्यानं जाताना बसमधून पाहिला होता. चांगला हिरवा, मोठ्या अक्षरांत 'सॅमीज ॲपल सायडर'. पुढचं केळीच्या पानाआड गेलं होतं. बस थांबली नाही.

इथपर्यंत सगळं गुपचूप होतं. पण लिफ्टमध्ये मला आमच्या सोसायटीचे घरतकाका भेटले. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत आणि निवृत्तीनंतर संपूर्ण शासन एकट्याच्या खांद्यावर चालवतात. मी सहज म्हणून सहलीचा विषय काढला. काकांनी लिफ्टचं दार हातानं अडवून धरलं.

"परमिट आहे?"

"कसलं?"

"दारू प्यायला या राज्यात परवाना लागतो, आत्माराम. लोक पितात ते बेकायदा पितात. तू नोकरदार माणूस. उद्या नाक्यावर कोणी अडवलं तर काय सांगशील?"

मी पिणार नाही असं सांगायचं मनात होतं, पण लिफ्टचं दार वाजायला लागलं आणि वर पाचव्या मजल्यावर कोणीतरी ओरडायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा काढून दारूचे परवाने देणाऱ्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचे साहेब सभ्य होते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"परवाना कशासाठी हवा?"

"साडू येणार आहेत."

"मग साडूंना अर्ज करू द्या. तुम्ही काय पिणार?"

"मी काहीच नाही."

"मग परवाना कशाला?"

"मी त्यांच्याबरोबर असणार ना!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, हा परवाना पिणाऱ्याला देतात, बरोबर असणाऱ्याला नाही. आणि ताडीला हा चालत नाही. घरी केलेल्या वाइनचं तर आमच्या खिडकीवर नावच काढू नका." एवढं बोलून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना बहुधा दया आली. "बरं, तुमच्या नावानं करून टाका. निदान कागद हातात राहील."

कागद हातात आला. त्यावर छापलेलं होतं की सदर इसमास प्रकृतिस्वास्थ्य टिकवण्यासाठी मद्य बाळगण्यास व पिण्यास मुभा आहे. सरकारनं माझ्या प्रकृतीची एवढी चौकशी त्याआधी कधी केलेली नव्हती. मी तो एका निळ्या फाइलमध्ये घातला.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं. खालच्या मजल्यावरचा प्रितेश वर आला आणि "काका, काही टेन्शन आहे का? बोललं की मोकळं वाटतं," असं म्हणून अर्धा तास बसून राहिला. भजनी मंडळाकडून एक गृहस्थ आले. ते अठरा वर्षांपूर्वी दारूतून सुटले होते आणि मीही सुटू शकतो अशी त्यांना खात्री होती. मी त्यांना सांगितलं की मी अजून अडकलोच नाही. ते समजूतदारपणे हसले. "सगळे आधी असंच म्हणतात," म्हणाले. वसुंधरा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. त्या दिवशी आमटीला मीठ नव्हतं, आणि ते विसरलेलं नव्हतं.

शेवटी ठरलेला रविवार उजाडला. नथूनं निक्षून सांगितलं होतं, सकाळी सातला या. भाऊसाहेबांना मी साडेसहा सांगितले. ते पावणेअकराला आले. घोडबंदर रस्त्यावर कंटेनर आडवा झाला होता, शिवाय निघण्याआधी त्यांचे प्राणायाम व्हायचे होते. त्यांनी डोक्यावर कॅनडाहून आणलेली टोपी घातली होती आणि हातात एक डायरी होती. "निरीक्षणं लिहून ठेवतो मी," ते म्हणाले. भाऊसाहेब हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेत, आणि निरीक्षण हा त्यांचा जुना आजार आहे. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि वसुंधरेची थोरली बहीण, मागच्या सीटवर शांत बसून होती. मी आणि वसुंधरा त्यांच्या गाडीत बसतोय तोवर फ्रेडरिकचा फोन आला. त्याच्या पुतणीचा बाप्तिस्मा त्याच दिवशी निघाला होता. "पण मी मावशीला फोन करून ठेवतो," तो म्हणाला. "निर्धास्त जा."

नथूच्या वाडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नथू साठीचा, काटक, कमरेला कोयता लावलेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"सायेब, सात सांगलेलं मी. सकाली ही नुसती पानी असते, गोड. आता हिला ऊन लागलंय. ऊन लागलं की ही कुनाचं ऐकत नाय."

"अल्कोहोलचं प्रमाण किती असेल हिच्यात?" भाऊसाहेबांनी डायरी उघडली.

नथूनं थोडा विचार केला. "दोन गिलास पिऊन मानूस आपल्या घरी जातो. चार पिऊन शेजारच्या घरी जातो."

भाऊसाहेबांनी ते लिहून घेतलं.

नथूनं दोन उंच ग्लास भरून आमच्या हातात दिले आणि मडकं ठेवायला वळला. आंबट वास थेट मेंदूत गेला. मी 'वा, वा' करत दोन पावलं मागे सरकलो, ग्लास ओठाला लावल्यासारखं केलं आणि तो हळूच माडाच्या बुंध्याशी ओतला. तिथली माती आधीच ओली होती, आणि भाऊसाहेब त्याच बुंध्याच्या पलीकडून रिकामा ग्लास घेऊन येत होते. मला वाटलं, नथूनं सकाळी झाडाला पाणी घातलं असेल.

"झकास!" भाऊसाहेब म्हणाले.

"नेहमीसारखी नाही, पण झकास," मी म्हणालो.

या सगळ्यात बायकांकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं. त्यांना नथूच्या बायकोनं, कमळीनं, पडवीत नेऊन बसवलं होतं. वसुंधरेला दारूचा तिटकारा आहे, पण नीरा आरोग्याला चांगली असं तिनं कुठेतरी वाचलंय. तिनं विचारलं, "ही नीराच ना?" कमळी म्हणाली, "नीराच हाय बाय. जरा ऊन लागलेली." आम्ही परत आलो तेव्हा दोघींचा तिसरा ग्लास चालू होता आणि ताई कमळीला सांगत होती, "अगं, पोटाला इतकं थंड वाटतंय!"

गाडीत बसल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. कशाला, ते सांगेनात.

पुढचा मुक्काम सायडरचा. हिरवा बोर्ड लांबूनच दिसला आणि माझी छाती फुगली. सॅमी पस्तिशीचा, उत्साही माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं निळी पिंपं ओळीनं लावली होती. सफरचंदं कुठून आणतो, कशी कुजवतो, किती महिने ठेवतो, सगळं त्यानं मन लावून सांगितलं. भाऊसाहेब लिहीत होते. मग सॅमीनं चार लहान कप भरले.

भाऊसाहेबांनी कप उंच धरला, उजेडात फिरवला, डोळे मिटले, नाकाशी नेला. एका क्षणासाठी त्यांच्या चेहऱ्यावर शंका आलेली मला दिसली. पण आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी कप एका घोटात रिकामा केला.

काही काळ काहीच झालं नाही. मग त्यांचा एक डोळा मिटला. मग दुसरा. कॅनडाची टोपी मागे सरकली, कारण टोपीखालची कातडी वर गेली होती. बऱ्याच वेळानं त्यांच्या आतून आवाज आला.

"ड्राय आहे. फारच… ड्राय."

"काका, अहो, असं प्यायचं नसतं!" सॅमी घाबरला. "एक चमचा, पेलाभर पाण्यात. सकाळी उपाशीपोटी. पोट उतरतं." आणि बाहेर जाऊन त्यानं केळीचं पान बाजूला केलं. पानामागे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'व्हिनेगर'.

मागून एक आवाज आला. आधी मला वाटलं पिंप फुटलं. पण ती ताई होती. बावीस वर्षांत मी ताईला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही. ती हसायची, तोंडावर पदर धरून, भाऊसाहेबांच्या विनोदांना, योग्य तिथे. हे हसणं वेगळं होतं. ती शेडच्या खांबाला धरून हसत होती, वसुंधरा तिला धरून हसत होती, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ड्राय!" एक म्हणायची. "फारच ड्राय!" दुसरी म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

भाऊसाहेब गाडीत जाऊन बसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण बोर्ड मी वाचला होता, सहल माझी होती, आणि सीटवर कपाळ टेकून बसलेल्या माणसाला आणखी हरवण्यात मजा नसते. आता सगळी भिस्त सालोमी मावशींवर होती.

मावशींचं घर तळ्याच्या मागच्या अंगाला. कौलारू, पुढे ओटा, ओट्यावर लाल लुगड्यातल्या सत्तरीच्या मावशी. बायका गाडीतच हसत बसल्या होत्या, म्हणून आम्ही दोघेच पुढे गेलो. मी नीट इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि हातात निळी फाइल होती. भाऊसाहेबांनी जुन्या सवयीनं डायरी उघडली आणि अर्ध्या तासापूर्वी गमावलेला आब एका वाक्यात परत मिळवायचा प्रयत्न केला.

"वाइन इथेच तयार होते ना? वर्षाला साधारण किती लिटर? आणि साठा कुठे ठेवता?"

मावशींचा चेहरा दगडासारखा झाला. "कसली वाइन? इथं काय नाय."

"आम्हाला फ्रेडरिकनं पाठवलंय," मी म्हणालो.

"कुठला फ्रेडरिक? या गावात अकरा फ्रेडरिक आहेत."

फ्रेडरिकनं फोन केला नव्हता. आत हालचाल झाली. मावशींच्या सुनेनं, रोवेनानं, कोपऱ्यातल्या दोन भल्यामोठ्या बरण्यांवर चादर टाकली, चादरीवर पाट ठेवला, पाटावर स्वतः बसली आणि वाल सोलायला लागली. परात रिकामी होती. ती वालांशिवाय सोलत होती.

"मावशी, गैरसमज होतोय," मी घाईघाईनं फाइल उघडली. "हे बघा, आमच्याकडे सरकारी कागद आहे!"

त्यानंतर जे झालं त्याला मीच जबाबदार आहे, हे मला मान्य आहे. मावशींनी छातीवर क्रुसाची खूण केली. "रोवेना, फादरना बोलव!" रोवेना उठेना, कारण उठली असती तर बरण्या दिसल्या असत्या. ती बसल्या जागेवरून रडायला लागली. "नाताळला फक्त नातेवाइकांना देतो हो साहेब," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर यायला लागली. एकजण मला विचारायला लागला, तुमचं ओळखपत्र दाखवा. दुसरा म्हणाला, गाडीचा नंबर लिहून घ्या. भाऊसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. बावीस वर्षांत ते माझ्या मागे प्रथमच उभे राहिले होते.

एवढ्यात गाडीचं दार वाजलं. वसुंधरा येत होती. ती अतिशय सरळ चालत होती, दोरीवरून चालावं इतकी सरळ. ती ओट्यावर चढली, मावशींच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मावशी, हे अधिकारी नाहीत हो. हा माझा नवरा. याला खोकल्याचं औषध चढतं."

शेजारी थांबले.

"आणि हे?" मावशींनी भाऊसाहेबांकडे बोट केलं.

"हे माझे," मागून येत ताई म्हणाली. "यांना ॲसिडिटी आहे. कॅनडात जावयानं पाच ठिकाणी नेलं, पाचही ठिकाणी यांनी सफरचंदाचा रस घेतला. फोटोत दिसतो तो रस आहे. चौथ्या ठिकाणी तर यांनी ताक मागितलं."

"ताक?" मी वळून विचारलं.

"रस फार थंड होता," भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

मावशी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. पांढरा शर्ट, निळी फाइल, डायरी, कॅनडाची टोपी. त्यांचा चेहरा आधी एका बाजूनं हलला, मग दुसऱ्या बाजूनं. "जेजू रे!" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. शेजारी हसले. रोवेनाही डोळे पुसत हसली आणि पाटावरून उठली. "या गं पोरींनो आत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही दोघी या. यांना सरबत दे, रोवेना. साखर कमी घाल, यांना झेपायची नाय."

तासाभरानं दोघी बहिणी तळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. मावशी त्यांच्यामध्ये. जांभळाची झाली होती, आता आल्याची चालू होती, अगदी चिमुकल्या ग्लासांतून. ताई काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि वसुंधरा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती. या दोघी एका खोलीत, एका गादीवर वाढलेल्या. लग्नानंतर मात्र भेटल्या त्या आमची भाषणं ऐकायला. एकीनं वाढायचं, दुसरीनं कौतुक करायचं, आणि मग आपापल्या घरी जायचं. ओट्यावरून त्यांच्याकडे बघताना मला ते प्रथमच सुचलं. भाऊसाहेबांनाही काहीतरी सुचलं असावं, कारण त्यांनी डायरी मिटून बाजूला ठेवली.

"आत्मारामराव," ते शेवटी म्हणाले, "त्या माडाखाली माती ओली होती."

"होती," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पण सरबताचा ग्लास त्यांनी माझ्या ग्लासाला हलकेच लावला.

"अहो सरकारी कागदवाले," पायरीवरून मावशींचा आवाज आला. "नुसते बसलात ते ही भांडी तरी विसळा. रोवेना दमलीय तुमच्यापायी."

आम्ही ग्लास गोळा करून मागच्या दारच्या नळावर गेलो. मी राख लावत होतो, भाऊसाहेब विसळत होते. एका ग्लासाच्या तळाशी जांभळाचे दोन-चार थेंब राहिले होते, गडद, शाईसारखे. भाऊसाहेबांनी ग्लास नाकाशी नेला. इकडेतिकडे पाहिलं. मग करंगळी बुडवून जिभेला लावली.

"गोड आहे हो," ते आश्चर्यानं म्हणाले. त्यांनी दुसरा ग्लास उचलला, मग तिसरा, आणि त्याच्यात पुरेसं मिळेना म्हणून तो तोंडावर उपडा करून धरला.

"अहो!" तळ्यावरून ताई ओरडली. "काय करताय तिकडे? तुमची ॲसिडिटी!"

"गप्प बस गं!" भाऊसाहेब ग्लासातूनच म्हणाले. "मी भांडी घासतोय!"